वडिलांच्या आतड्याचं ऑपरेशन पोट उघडून करावं, दुर्बिणीने की रोबोटने?

मोहोळ तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे, शेतकरी. चार महिने शौचातून रक्त जात होतं, मूळव्याध समजून गावातच औषध चालू होतं. शेवटी कोलोनोस्कोपी केली तेव्हा मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, सिग्मॉईड भागात गाठ दिसली आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला. सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत. सोलापुरातल्या एका सर्जनने पोट उघडून ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्याने दुर्बिणीने, आणि पुण्यात रोबोटचा सल्ला मिळाला. "रोबोटने केलं तर माणूस जास्त जगतो असं ऐकलंय. दीड एकर विकायची तयारी आहे. वडील कशाने जास्त जगतील ते सांगा." आणि वडिलांचा स्वतःचा प्रश्न वेगळाच आहे: दरवर्षी शेगावची पालखी सोलापुरात आली की तिच्याबरोबर पंढरपूरपर्यंत चालतो, ते पुन्हा जमेल का?

जमीन विकू नका. निदान रोबोटसाठी तरी विकू नका.

मी सोलापुरात पंचवीस वर्षं पोटाची ऑपरेशनं करतोय, उघडी आणि दुर्बिणीची दोन्ही. माझ्याकडे रोबोट नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे माझं मत तुम्हाला तोलून घेता येईल. पण खाली दिलेले पद्धतींच्या तुलनेचे आकडे माझ्या पदरचे नाहीत. कुणाला कोणतं ऑपरेशन हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या मोठ्या चाचण्यांमधले ते आहेत.

सिग्मॉईड म्हणजे गुदाशयाच्या वरचा भाग. तिथल्या गाठीसाठी पोट उघडून आणि दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशननंतर हयात राहणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ सारखं येतं. अमेरिकेत ४८ हॉस्पिटलांत ८७२ रुग्णांवर ही तुलना झाली आणि २००४ मध्ये पहिले निष्कर्ष आले. तीन वर्षांत कॅन्सर उलटला, म्हणजे परत आला, तो दुर्बिणीच्या गटात १६ टक्के लोकांना आणि उघड्या गटात १८ टक्के लोकांना. पाच वर्षांनी हयात होते अनुक्रमे ७६.४ आणि ७४.६ टक्के. तुम्ही म्हणाल, दुर्बीण थोडी पुढे आहे की. मग युरोपातली त्याहून मोठी चाचणी बघा. तिथे तीन वर्षांनी दुर्बिणीच्या गटातले ८१.८ टक्के हयात होते आणि उघड्या गटातले ८४.२ टक्के. काटा उलट्या बाजूला कलला. जपानमध्ये हजारावर रुग्णांची चाचणी झाली, पाच वर्षांनी दुर्बीण ९१.८ आणि उघडं ९०.४. काटा असा इकडेतिकडे एकदोन टक्क्यांनी हलतो तेव्हा तो योगायोगाचा खेळ असतो, ऑपरेशनच्या पद्धतीचा नाही.

इथे एक सावधगिरी. जपानचे ९१ आणि अमेरिकेचे ७६ शेजारी ठेवून "जपानी पद्धत भारी" असं म्हणू नका. दोन्हीकडचे रुग्ण वेगळे, त्यांचं वय, वजन, हृदयाचे आणि साखरेचे आजार वेगळे. तुलना एकाच चाचणीतल्या दोन गटांची करायची.

आज हे सगळं सरळ वाटतं, पण तसं नव्हतं. १९९१ मध्ये दुर्बिणीने मोठं आतडं काढल्याचे पहिले अनुभव छापून आले आणि दोनतीन वर्षांतच भीतीदायक बातम्या यायला लागल्या. ज्या छोट्या छिद्रांतून नळ्या घातल्या, त्याच छिद्रांच्या जागी कॅन्सरच्या नव्या गाठी येत होत्या. काही छोट्या अहवालांत तर हे प्रमाण पाचात एक इतकं सांगितलं गेलं. तेव्हा आम्हाला शिकवणारे ज्येष्ठ सर्जन म्हणायचे, पित्ताशय दुर्बिणीने काढा, कॅन्सरला हात लावू नका. त्यांची भीती प्रामाणिक होती. म्हणूनच त्या मोठ्या चाचण्या झाल्या, आणि त्यांत कळलं की नीट शिकलेल्या हातांनी, गाठ पिशवीत घालून, जखमेला न घासता बाहेर काढली तर छिद्राच्या जागी कॅन्सर उगवण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली राहतं. अमेरिकेच्या चाचणीत तर सर्जनला भाग घेण्याआधी किमान २० आतड्यांची दुर्बिणीची ऑपरेशनं केल्याचा पुरावा द्यावा लागे आणि एका ऑपरेशनचं व्हिडिओ चित्रीकरण तपासून घ्यावं लागे. हा तपशील लक्षात ठेवा, तो तुमच्या उपयोगाचा आहे.

त्या चाचणीत आतडं बंद पडलेले किंवा फुटलेले रुग्ण नव्हते, शेजारच्या अवयवांत घुसलेल्या गाठी नव्हत्या, गुदाशयाच्या गाठीही नव्हत्या. तुमच्या वडिलांचं वर्णन मात्र त्यात बसतं. म्हणून हे आकडे तुम्हाला लागू पडतात असं मी खात्रीने म्हणतो.

मग एखाद्या हॉस्पिटलच्या पत्रकात "आमचे दुर्बिणीचे रुग्ण जास्त जगतात" असं छापलेलं असतं ते खोटं असतं का? आकडा खराही असू शकतो. पण कोणत्या रुग्णाला दुर्बीण लावायची हे सर्जन ठरवतो. लहान गाठ, धडधाकट माणूस, शांतपणे ठरवून केलेलं ऑपरेशन, असा रुग्ण दुर्बिणीकडे जातो. रात्री बारा वाजता पोट फुगून, आतडं तुंबून अकलकोट किंवा मंगळवेढ्याहून आणलेला रुग्ण उघड्या ऑपरेशनला जातो. दोन वर्षांनी दोन्हींची सरासरी काढली की दुर्बीण जिंकलेली दिसते. ज्वारीच्या दोन वाणांची तुलना करताना एक काळ्या रानात आणि दुसरा मुरमाड माळावर पेरावा, तसंच हे. आणखी एक मेख असते. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन आत अडचण आली म्हणून मध्येच पोट उघडून पूर्ण करावं लागतं. तो रुग्ण कोणत्या रकान्यात टाकायचा? चांगल्या चाचणीत तो दुर्बिणीच्याच रकान्यात राहतो, कारण सुरुवात तिथून झाली. पत्रकात तो गुपचूप उघड्याच्या रकान्यात सरकतो आणि अवघड रुग्णांचा सगळा भार तिकडे पडतो.

शिवाय पाच वर्षांनी कोण हयात आहे हे विचारायला कुणी गेलं होतं का? जे तपासणीला आलेच नाहीत, त्यांचं काय झालं? आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातली कॅन्सर नोंदणी चालू आहे, देशातली अशी पहिलीच. तिथले कर्मचारी गावोगाव फिरून नोंदी करतात, कारण रुग्ण हॉस्पिटलात येईपर्यंत थांबलं तर खरं चित्र कधीच कळत नाही. मला या कामाचा फार आदर वाटतो. हयातीचा आकडा असा पायपिटीतून तयार होतो.

आता मुद्द्याचं. चीर लहान की मोठी याने आयुष्य बदलत नसेल, तर कशाने बदलतं?

पहिली गोष्ट आपल्या हातातली नाही: कॅन्सर कोणत्या टप्प्यावर सापडला. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे मोठ्या आतड्याचा कॅन्सर आतड्यापुरताच असेल तर पाच वर्षांनी हयात राहण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे, शरीरातला द्रव गाळणाऱ्या जवळच्या छोट्या लसिका ग्रंथींत गेला असेल तर सत्तरच्या थोडं वर, आणि यकृतासारख्या दूरच्या अवयवांत पोचला असेल तर पंधरा टक्क्यांच्या आसपास. पद्धतीपद्धतींत एकदोन टक्के, टप्प्याटप्प्यांत वीस ते साठ टक्के. वडिलांचं यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे.

दुसरी गोष्ट पूर्णपणे सर्जनच्या हातातली आहे आणि तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. आतड्याला मागच्या बाजूने धरून ठेवणारा चरबीचा एक पडदा असतो, त्याला आम्ही मेसेंटरी म्हणतो. आतड्याच्या रक्तवाहिन्या त्यातूनच येतात आणि लसिका ग्रंथीही त्यातच असतात. कॅन्सर आतड्यातून बाहेर निघाला की पहिला मुक्काम इथे करतो. तुम्ही डाळिंब उलगडून पाहिलं असेल. दाण्यांच्या कप्प्यांमध्ये पांढरा पापुद्रा असतो. त्या पापुद्र्याच्या रेषेने उलगडलं तर एक दाणा फुटत नाही, सुरी कशीही चालवली तर ताटभर रस सांडतो. पोटातही असे पापुद्रे आहेत, माणूस आईच्या पोटात घडत असतानाच तयार झालेले. त्या रेषेने जाऊन मेसेंटरी न फाटता अख्खी काढायची आणि रक्तवाहिनी थेट मुळाशी बांधायची, याला खरं कौशल्य लागतं. रस सांडला तर तो कॅन्सरच्या पेशींचा सांडतो.

गुदाशयाच्या बाबतीत हे इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलं. त्याआधी गुदाशयाचा कॅन्सर काढल्यावर त्याच जागी परत येणं ही नेहमीची गोष्ट होती. गुदाशयाभोवतीचं चरबीचं पाकीट अखंड काढायला लागल्यापासून ते प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आलं. नवीन यंत्र आलं नव्हतं, नवीन औषध आलं नव्हतं, फक्त हात योग्य थरातून चालला. मोठ्या आतड्यासाठी हाच विचार जर्मनीतल्या एर्लांगेनच्या होहेनबर्गर यांनी पुढे नेला. २००९ मध्ये त्यांनी १,३२९ रुग्णांचा हिशोब मांडला. त्यांच्याकडे कॅन्सर त्याच जागी उलटण्याचं पाच वर्षांचं प्रमाण ६.५ वरून ३.६ टक्क्यांवर आलं होतं आणि कॅन्सरने न दगावणारे ८२.१ वरून ८९.१ टक्क्यांवर गेले होते. ही आधीच्या आणि नंतरच्या काळाची तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली नाही. मधल्या काळात केमो आणि तपासण्याही सुधारल्या, म्हणून सगळं श्रेय ऑपरेशनला देता येणार नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. आणि हे काम उघड्या पोटातून होतं, दुर्बिणीतूनही होतं.

हे काम नीट झालं की नाही हे तुम्हाला कसं कळणार? पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधून. त्यात किती लसिका ग्रंथी तपासल्या हे लिहिलेलं असतं. तो आकडा किमान १२ हवा. पाचच ग्रंथी तपासून "एकातही कॅन्सर नाही" असा रिपोर्ट आला तर त्यावर निर्धास्त होता येत नाही. सहावीत होता की नाही कुणी बघितलंच नाही, आणि ज्याला केमो द्यायला हवा होता तो रुग्ण केमोशिवाय घरी जातो. कधी सर्जनने कमी काढलेलं असतं, कधी पॅथॉलॉजिस्टने चरबीत कमी शोधलेलं असतं. काढलेला भाग राखून ठेवलेला असतो, पुन्हा शोधायला सांगता येतं. मी अनेकदा सांगितलं आहे आणि पुढच्या रिपोर्टमध्ये आकडा वाढलेला पाहिला आहे. त्याच रिपोर्टमध्ये एमएमआर नावाची तपासणीही मागून घ्या, गाठीच्या पेशींतली डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का हे तीत बघतात. केमो द्यायचा की नाही, कोणता द्यायचा, यात तिची मदत होते आणि आजार घराण्यातून आला आहे का याचाही अंदाज येतो.

आता रोबोट. तुम्ही ऐकलेलं हवेतून आलेलं नाही. चीनमधल्या ११ हॉस्पिटलांत सुमारे १,२०० रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२५ मध्ये निष्कर्ष आले: तीन वर्षांत कॅन्सर त्याच भागात उलटण्याचं प्रमाण रोबोटने १.६ टक्के, साध्या दुर्बिणीने ४ टक्के. पण ती चाचणी गुदाशयाच्या मधल्या आणि खालच्या भागातल्या गाठींची होती. तिथे ओटीपोटाच्या हाडांच्या अरुंद फनेलमध्ये काम करायचं असतं, विशेषतः पुरुषांत, आणि रोबोटचं वळणारं मनगट तिथे उपयोगी पडतं. तिथेही एकूण हयातीत ठळक फरक दिसलेला नाही. सिग्मॉईडची गाठ मोकळ्या जागेत असते. तिथे रोबोटने आयुष्य वाढतं असं कोणत्याही मोठ्या चाचणीने दाखवलेलं नाही.

म्हणून एक गोष्ट नक्की करून घ्या: कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे ते बघा. १५ सेंटिमीटरच्या आत असेल तर ती गुदाशयाची धरतात आणि सगळा विचार बदलतो. मग ऑपरेशनआधी एमआरआय लागतो, कदाचित आधी शेक (रेडिएशन) द्यावा लागतो. तिथे उघडं की दुर्बीण यावर अजून वाद आहे. युरोपातल्या एका चाचणीत दोन्हीकडे तीन वर्षांत ५ टक्केच कॅन्सर त्या भागात उलटला, पण २०१५ मध्येच अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन चाचण्यांत काढलेल्या भागाचा दर्जा दुर्बिणीने उघड्याइतकाच राहतो हे सिद्ध करता आलं नाही. अशा गाठीला ज्याचा रोजचा हात आहे त्याच्याकडेच जा, मग पुणे, मुंबई जावं लागलं तरी चालेल.

दुर्बिणीचे फायदे मी कमी लेखत नाही. दुखणं कमी, हॉस्पिटलमध्ये साधारण एक दिवस कमी, मोठी जखम पिकण्याचा त्रास कमी. शेतकऱ्याला लवकर उठून बसता येणं ही लहान गोष्ट नाही. ऑपरेशनला वेळ मात्र जास्त लागतो. तुमच्या दुसऱ्या सर्जनचा दुर्बिणीचा हात चांगला असेल तर मी दुर्बीण निवडेन. पहिल्या सर्जनचा हात उघड्या ऑपरेशनमध्ये चांगला असेल आणि दुर्बिणीची आतड्याची ऑपरेशनं ते वर्षाकाठी दोनतीनच करत असतील, तर त्यांनी उघडं सुचवलं हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे आणि त्यांच्याकडून उघडंच करून घ्या. दोघांनाही हे सरळ विचारा: अशी किती ऑपरेशनं वर्षाला करता, दुर्बिणीने सुरू केलेल्यांपैकी किती उघडावी लागतात, रिपोर्टमध्ये ग्रंथी साधारण किती येतात, आतडं जोडलेला सांधा गळण्याचं प्रमाण काय आहे. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही.

आणि मध्ये पोट उघडावं लागलं तर ते अपयश समजू नका. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दुर्बिणीच्या गटातल्या २९ टक्के रुग्णांचं पोट मध्येच उघडावं लागलं होतं. नुकसान होतं ते उघडायला उशीर केल्याने. माझ्या दुर्बिणीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाच्या वेळी मी दुर्बिणीचा हट्ट धरला. रक्तस्राव होत होता, दिसत नव्हतं, तरी तासभर झगडत राहिलो. शेवटी उघडलं. ते गृहस्थ वाचले, पण जखम चिघळली, महिनाभर अंथरुणाला खिळले आणि केमो खूप उशिरा सुरू झाला. तो तास मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर मी ऑपरेशनआधीच नातेवाइकांना सांगतो की अडलं तर लगेच उघडणार.

केमोच्या उशिराचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ग्रंथींत कॅन्सर सापडला तर ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत केमो सुरू व्हायला हवा. अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशोब सांगतो की त्यापुढच्या दर चार आठवड्यांच्या उशिराने मृत्यूचा धोका साधारण १४ टक्क्यांनी वाढतो. आपल्याकडे काय होतं? गाठ निघाली, माणूस भाकरी खायला लागला, घरचे म्हणतात आता कशाला ते औषध, केस जातात, अशक्तपणा येतो. पैसेही ऑपरेशनमध्ये संपलेले असतात. तीन महिन्यांनी माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. रोबोटवर जो जास्तीचा पैसा जाणार, तो केमोसाठी आणि तपासण्यांसाठी राखून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमो दोन्ही येतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, भरती होण्याआधी रेशन कार्ड घेऊन त्याला भेटा. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल तुमच्यापासून फार लांब नाही, केमोच्या दर फेरीला पुण्याची गाडी पकडायची गरज नाही.

मतांच्या शोधात आठवडे घालवू नका. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, शौच आणि वारा दोन्ही बंद झालं तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. तुंबलेल्या आतड्याचं घाईचं ऑपरेशन आणि ठरवून केलेलं ऑपरेशन यांच्या निकालात फार मोठा फरक असतो.

तुमच्याबद्दलही एक. वडिलांना हा आजार झाला म्हणजे तुमची आणि तुमच्या भावंडांची चाळिशीपासून कोलोनोस्कोपी व्हायला हवी, रक्त जात असो वा नसो. एमएमआरच्या रिपोर्टमध्ये दोष निघाला तर त्याच्याही आधी.

वडिलांना सांगा: या आषाढीला नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात चालायचं, पण दीड महिना पाण्याची घागर किंवा खताचं पोतं उचलायचं नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पहिले काही आठवडे बाजूला, मऊ भात आणि मुगाचं वरण चालेल. केमो लागला तर तो तीन किंवा सहा महिने चालेल. आणि तो संपला की चालायला लागायचं, रोज. २०२५ मध्येच एका चाचणीचे निकाल आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं देखरेखीखाली व्यायामाला लावलं, बाकीच्यांना व्यायामाची माहितीपत्रकं दिली. आठ वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांतले ९०.३ टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ८३.२ टक्के. उघडं, दुर्बीण आणि रोबोट यांच्या वादात एवढा फरक मला कुठेच सापडलेला नाही. तिथे अनेकांनी जो व्यायाम केला तो भरभर चालण्याचा होता. त्यामुळे पुढच्या वर्षी पालखी सोलापुरात येईल तेव्हा वडिलांनी तिच्याबरोबर निघावं. पहिल्या वर्षी एकदोन मुक्काम पुरेत, तुम्ही सोबत राहा.